विंच किती पाउंडची घ्यायची? गाडीच्या वजनापासून ड्रमवरच्या थरापर्यंत सगळा हिशोब

विंच म्हणजे रुतलेली गाडी ओढून काढण्यासाठी गाडीच्या पुढे बसवलेलं मोटरचं यंत्र, त्याच्या ड्रमवर, म्हणजे रिळावर, दोर गुंडाळलेला असतो. ती घेताना बहुतेक लोक एकच आकडा बघतात, डब्यावर छापलेला. ९५०० पाउंड, १२००० पाउंड, बास. मग गाडी चाकं बुडेपर्यंत चिखलात रुतते, दोर ताणला जातो, मोटर घरघरते, गाडी इंचभरसुद्धा हलत नाही, आणि सगळे म्हणतात की विंच खराब निघाली. विंच ठीकच असते, फक्त तो छापील आकडा कुठल्या परिस्थितीत खरा असतो हे घेताना कुणी विचारलेलं नसतं. खाली सगळा हिशोब क्रमानं दिलाय. क्रम बदलू नका, कारण पहिल्या पायरीचा आकडा चुकला तर पुढचं सगळं चुकतं.

## तयारी: आधी हे आकडे कागदावर लिहून घ्या

गाडीचं पूर्ण लोडेड वजन, पुढच्या अॅक्सलची मर्यादा (प्लेटवर किंवा मॅन्युअलमध्ये असते), बॅटरीचा सीसीए (थंडीत गाडी सुरू करताना बॅटरी किती अँपिअर देऊ शकते तो आकडा), अल्टरनेटर किती अँपिअरचा आहे, आणि सिस्टिम १२ व्होल्टची आहे की २४ ची. मोठ्या ट्रकला २४ व्होल्ट असतं, त्याला १२ व्होल्टची विंच चालत नाही. हा प्रश्न मूर्खासारखा वाटतो पण ऑर्डर देऊन झाल्यावर तो आठवलेले लोक मी बघितलेत.

## १. गाडीचं खरं वजन काढा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. ब्रोशरमध्ये जे वजन दिलेलं असतं ते रिकाम्या गाडीचं, म्हणजे कर्ब वेट. रिकामी गाडी घेऊन आडरानात कोण जातं?

एक उदाहरण धरू, तेच शेवटपर्यंत वापरू. डबल कॅब पिकअप, कर्ब वेट २०५० किलो. त्यावर स्टीलचा बंपर आणि विंच मिळून १०० किलो, चार माणसं ३०० किलो, जादा डिझेल आणि पाणी १२० किलो, मागचं कॅनॉपी आणि ड्रॉवर १३० किलो, हत्यारं आणि दुसरी स्टेपनी १०० किलो, तंबू आणि बाकी सामान १०० किलो. झाले ८५० किलो. म्हणजे गाडी २९०० किलोची झाली आणि मालक अजून २०५० वरच हिशोब करतोय.

अंदाज करू नका, वजनकाट्यावर घाला. टाकी फुल, माणसं आत, ट्रिपला नेता ते सगळं सामान चढवलेलं. जमलं तर पुढची चाकं वेगळी आणि मागची वेगळी असं वजन करा, पुढच्या अॅक्सलचा आकडा आठव्या पायरीला लागणार आहे. काटा मिळतच नसेल तर कंपनीनं दिलेलं कमाल वजन, म्हणजे जीव्हीडब्ल्यू, तेच धरा. ट्रेलर ओढत असाल तर ट्रेलरचं भरलेलं वजनसुद्धा मिळवा, कारण रुतल्यावर तो सोडता येईलच असं नाही.

तपासा: तुमचा आकडा ब्रोशरपेक्षा ३००-४०० किलोसुद्धा जास्त आला नसेल तर काहीतरी मोजायचं राहिलंय.

## २. दीडपट करा, आणि पाउंड-किलोचा गोंधळ इथेच मिटवा

लोडेड वजन गुणिले १.५. आपल्या उदाहरणात २९०० × १.५ = ४३५० किलो. विंच पाउंडमध्ये विकली जाते, म्हणून २.२ नं गुणायचं, साधारण ९५७० पाउंड.

उलट बाजूनं बघायचं तर किती पाउंडची विंच किती लोडेड वजनापर्यंत पुरते ते असं:

- ८००० पाउंड (३६३० किलो ओढ): गाडी साधारण २४०० किलोपर्यंत
- ९५०० पाउंड (४३१० किलो): २८५० पर्यंत
- १०००० पाउंड (४५३५ किलो): ३००० पर्यंत
- १२००० पाउंड (५४४० किलो): ३६०० पर्यंत
- १५००० पाउंड (६८०० किलो): ४५०० पर्यंत
- १६५०० पाउंड (७४८५ किलो): ५००० पर्यंत

आमच्या ग्रुपमधल्या एकानं कर्ब वेट धरून ८००० ची घेतली होती. सामानासकट गाडी २७०० किलोच्या वर. कोरड्या नदीपात्रातल्या वाळूत पहिल्यांदा खरी गरज पडली तेव्हा दोर ताणून मोटर जागेवर अडकली, दोन-तीनदा तसंच बटण दाबून धरलं, आणि जळका वास यायला लागला. ती संध्याकाळ आम्ही फावड्यानं काढली.

सावधान: डब्यावर 'सिंगल लाइन पुल', म्हणजे एकाच सरळ दोरानं होणारी ओढ, किती लिहिलंय ते बघा. काही छोट्या विंचवर 'रोलिंग लोड' नावाचा भलामोठा आकडा छापलेला असतो, तो चाकांवर सहज गडगडणाऱ्या वजनाचा असतो, रुतलेल्या गाडीचा नाही. काहींवर डबल लाइनचा, म्हणजे दोर पुलीतून परत फिरवून ओढतानाचा, आकडा मोठ्या अक्षरात असतो. दोन्ही आपल्या कामाचे नाहीत.

दीडपटीचा नियम ही सुरुवात आहे. बरेच लोक इथेच थांबतात आणि ९५०० ची घेऊन टाकतात, कारण ९५७० म्हणजे जवळजवळ तेवढंच की. पुढच्या दोन पायऱ्या बघा म्हणजे ते 'जवळजवळ' किती महागात पडतं ते कळेल.

## ३. तुम्ही कुठे रुतता ते ठरवा

गाडी ओढायला किती जोर लागतो हे जमिनीवर अवलंबून असतं. रिकव्हरीवाले, म्हणजे रुतलेल्या गाड्या काढणारे, वापरतात ते ढोबळ आकडे असे: कडक रस्त्यावर वजनाच्या पंचविसाव्या भागाएवढा जोर पुरतो, गवतावर सातवा भाग, खडीवर पाचवा, मऊ कोरड्या वाळूत चौथा, उथळ चिखलात तिसरा, दलदलीत किंवा चिकट मातीत अर्धा. हे सगळं चाकं अजून वरच असताना.

चाकं आत गेली की गणित एकदम बदलतं. चाकाच्या उंचीएवढी रुतली तर वजनाएवढा जोर, मडगार्डपर्यंत गेली तर दुप्पट, आणि कॅबपर्यंत बुडली तर तिप्पट. हा सैन्याच्या रिकव्हरीतला जुना ठोकताळा आहे.

त्यात चढ मिळवायचा. दर एक अंश चढाला वजनाचा साठावा भाग. १५ अंशाचा चढ म्हणजे पाव वजन, ३० अंश म्हणजे अर्धं.

आपली २९०० किलोची पिकअप १५ अंशाच्या चढावर चाकाच्या उंचीएवढी रुतली असं धरू. २९०० अधिक ७२५, म्हणजे ३६२५ किलो. हा आकडा लक्षात ठेवा. ९५०० ची विंच ४३१० किलो ओढते म्हणजे पुरेल असं वाटतं ना? पुढे बघा.

तीच गाडी त्याच चढावर मडगार्डपर्यंत गेली तर ६५२५ किलो होतात, आणि त्या आकड्यासाठी मोठी विंच शोधत बसू नका. फावडं घेऊन चाकांपुढची माती काढा, बुडाला चिकटलेला चिखल सोडवा. मडगार्डपर्यंत रुतलेली गाडी खणून चाकापर्यंत आणली तर लागणारा जोर जवळजवळ अर्ध्यावर येतो, एवढा फरक कुठल्याही मोठ्या मोटरनं पडत नाही.

तपासा: गेल्या वर्षभरात खरोखर कुठे कुठे रुतलात ते आठवा आणि त्यातला सगळ्यात वाईट प्रसंग धरून आकडा काढा. इंजिन चालू ठेवून चाकं हळू फिरवली तर मदत होते, पण ती हिशोबात धरू नका, कारण इंजिनात पाणी गेलेलं असलं की ती मदत नसते.

## ४. ड्रमवरचे थर मोजा, खरी गोम इथे आहे

डब्यावरचा आकडा ड्रमवर दोराचा फक्त सगळ्यात आतला थर उरलेला असतानाचा असतो. बाहेर जेवढे थर तेवढा ड्रम जाड, आणि ड्रम जाड झाला की तीच मोटर कमी जोरानं ओढते. सायकलच्या मागच्या चाकाला गिअर असतात तसंच हे, फक्त उलट्या दिशेनं.

९५०० च्या बऱ्याच विंचचा ड्रम साधारण ६४ मिलिमीटर व्यासाचा आणि २२८ मिलिमीटर रुंद असतो, त्यावर ८ मिलिमीटरचा ३० मीटर स्टील दोर. एका थरात २८ वेढे बसतात. पहिल्या थरात ६.३ मीटर दोर मावतो, दुसऱ्यात ७.७, तिसऱ्यात ९.१, आणि उरलेले जवळजवळ ७ मीटर चौथ्या थरात. आता ओढ बघा:

- पहिले ७ मीटर दोर बाहेर काढेपर्यंत (चौथा थर): साधारण २५८५ किलो
- ७ ते १६ मीटर (तिसरा थर): २९८५ किलो
- १६ ते पावणेचोवीस मीटर (दुसरा थर): ३५२५ किलो
- त्याच्या पुढे (पहिला थर): ४३१० किलो

म्हणजे झाड पाच मीटरवर असेल तर तुमची ९५०० ची विंच प्रत्यक्षात ५७०० ची आहे. आणि पहिल्या थरातले कमीत कमी ५ वेढे ड्रमवर ठेवावेच लागतात, त्यामुळे पूर्ण ताकद शेवटच्या पाचेक मीटरमध्येच मिळते.

आपल्याला हवेत ३६२५ किलो. १५ मीटरवर झाड आहे, म्हणजे तिसरा थर, म्हणजे २९८५. नाही पुरत.

तुमच्या विंचचा हिशोब असा करा: ड्रमच्या व्यासात दोराची एक जाडी मिळवा, हा पहिल्या थराचा व्यास (इथे ७२). पुढच्या प्रत्येक थराला दोराच्या दोन जाड्या वाढवा (८८, १०४, १२०). मग डब्यावरचा आकडा गुणिले पहिला व्यास भागिले त्या थराचा व्यास. चांगल्या कंपन्या मॅन्युअलमध्ये थरवार तक्ता देतातच, आणि ज्या विंचबरोबर असा तक्ताच येत नाही ती मी तरी घेणार नाही.

आता १२००० ची घेऊन बघू. दोर ९.५ मिलिमीटर, लांबी साधारण २५ मीटर, ड्रम तेवढाच. १५ मीटर बाहेर काढले की ड्रमवर १० मीटर उरतात, म्हणजे आपण दुसऱ्या थरावर असतो, ओढ साधारण ४३२५ किलो. पुरते. दोर आखूड असल्याचा हा फायदा कुणी सांगत नाही, उलट 'लांब दोर म्हणजे भारी' असं म्हणून लोक ड्रमवर जादा दोर भरतात आणि स्वतःच्या विंचची ताकद कमी करून ठेवतात. लांबी हवी असेल तर वेगळा एक्स्टेन्शन दोर पिशवीत ठेवा.

पण झाड १० मीटरवरच असेल तर १२००० चीसुद्धा तिसऱ्या थरावर ३५९० वर येते, म्हणजे थोडीशी कमी. म्हणून पाचवी पायरी.

## ५. स्नॅच ब्लॉक धरून पुन्हा हिशोब करा

झाडाला स्नॅच ब्लॉक (दोर वळवून परत आणणारी पुली) लावून दोर परत गाडीच्या रिकव्हरी पॉइंटला (गाडी ओढण्यासाठीच्या मजबूत हुकला) आणला की ओढ जवळजवळ दुप्पट होते. घर्षणात थोडी जाते, १० टक्के धरा. वेग अर्धा होतो. आणि दोर दुप्पट बाहेर येत असल्यानं आपण आपोआप आतल्या थरावर जातो, हा दुहेरी फायदा आहे. ९५०० ची विंच, झाड १४ मीटरवर, दोर २८ मीटर बाहेर: ४३१० × २ वजा १० टक्के, साधारण ७७५० किलो. जी विंच थेट ओढून हरली होती तीच आता मडगार्डपर्यंत रुतलेली गाडीसुद्धा काढू शकते.

अडचण पोचण्याची आहे. ३० मीटर दोरात डबल लाइननं जास्तीत जास्त १४ मीटरवरचं झाड, २५ मीटरमध्ये साडेअकरा-बारा.

सावधान: ब्लॉक, त्याचा शॅकल (ब्लॉक आणि पट्टा जोडणारी लोखंडी कडी) आणि झाडाचा पट्टा यांच्यावर विंचच्या दुप्पट ताण येतो. १२००० च्या विंचला तेवढ्याच क्षमतेचा ब्लॉक लावणं ही जीवघेणी चूक आहे, आणि ती सर्रास होते. वर्किंग लोड कोरलेला नसेल तर तो शॅकल घेऊच नका.

आता निवड. २९०० किलोच्या आपल्या पिकअपला मी १२००० ची घेईन, आणि ब्लॉक तरीही ठेवीन. वजन कमी ठेवायचं असेल आणि दर वेळी ब्लॉक लावायची खरोखर सवय असेल तर १०००० ची चालेल. एकटे फिरत असाल तर दुसरा पर्याय विसरा.

## ६. मोठीच घेऊन टाकू, असं करू नका

हे वाचून कुणी १६५०० ची मागवेल म्हणून आधीच सांगतो. मोठी विंच जड असते, पुढची स्प्रिंग बसते, जास्त करंट खाते, आणि गाडीचे रिकव्हरी पॉइंट आणि चेसिस त्या ओढीसाठी बनवलेले नसतात. विंच जिंकते तेव्हा काहीतरी दुसरं फाटतं. तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवर जो आकडा निघेल त्याच्या वरची पहिली साइज घ्यायची, त्याच्याही वरची नाही.

## ७. करंट आणि मोटर

पूर्ण ताणावर १२ व्होल्टची ९५०० ची विंच ४०० अँपिअर किंवा जास्त ओढते. अल्टरनेटर १००-१५० चा असतो, म्हणजे बाकी सगळं बॅटरीतून जातं. ४०० अँपिअरनं एक मिनिट म्हणजे जवळजवळ ७ अँपिअर-अवर, पाच मिनिटं सलग म्हणजे ३३. इंजिन बंद ठेवून ओढलं तर बाहेर आल्यावर गाडी सुरूच होणार नाही.

बॅटरी कमीत कमी ६५० सीसीएची हवी, आणि टर्मिनल घट्ट आणि साफ. विंचबरोबर आलेल्या केबलपेक्षा बारीक केबल जोडून लांबी वाढवू नका, व्होल्टेज पडतं आणि जोरही पडतो. मध्ये आयसोलेटर स्विच, म्हणजे विंचचा करंट पूर्ण तोडणारा स्विच, बसवाच.

मोटर दोन प्रकारच्या. सिरीज वाउंड जास्त वेळ ताण सहन करते, पर्मनंट मॅग्नेटवाली करंट कमी खाते पण लवकर तापते. चिखलात नेहमी जाणाऱ्यानं सिरीज वाउंड घ्यावी. हॉर्सपॉवरवर फार वेळ घालवू नका, त्यानं मुख्यतः वेग ठरतो. पूर्ण लोडवर मिनिटाला एक ते अडीच मीटर एवढाच वेग असतो, आणि तो तसाच असावा.

तपासा: मिनिटभर ओढलं की थांबा, मोटरला हात लावा. हात ठेवता येत नसेल तर थंड होऊ द्या. मोटर जागेवर अडकली तर बटण लगेच सोडा.

## ८. दोर आणि बसवणी

स्टील घासण्याला टिकतं, उन्हाचं त्याला काही वाटत नाही, पण जड आहे, त्याचे तुटलेले तंतू हातात घुसतात आणि तुटला तर चाबकासारखा येतो. सिंथेटिक दोर तेवढ्याच ताकदीला स्टीलच्या साधारण सातव्या भागाएवढ्या वजनाचा, हाताळायला सोपा, पण ऊन, वाळू आणि उष्णता त्याचे शत्रू. ड्रमच्या आत ब्रेक असलेल्या विंचमध्ये उतारावर दोर सोडत गाडी उतरवली की ड्रम तापतो आणि आतला थर खराब होतो, आणि हे बाहेरून दिसत नाही. सिंथेटिक घेताना ब्रेक कुठे आहे ते विचारा, आणि ड्रमवर ५ च्या ऐवजी ८ ते १० वेढे राखा. जाडी १० मिलिमीटर असेल तर चौथ्या पायरीचा हिशोब पुन्हा करा, थर लवकर वाढतात.

विंचमधून दोर ज्या तोंडातून बाहेर येतो ते फेअरलीड. स्टीलला रोलरवालं फेअरलीड, सिंथेटिकला गुळगुळीत अॅल्युमिनियमचा हॉज, म्हणजे बिनरोलरचं फेअरलीड. स्टील चालवून ओरखडे पडलेल्या रोलरवर सिंथेटिक चढवलं तर एक-दोन ट्रिपमध्येच दोराला केस सुटतात.

८००० ते १२००० पर्यंतच्या बहुतेक विंचचे बोल्ट २५४ बाय ११४ मिलिमीटरवर असतात. मोठ्या साइजला हे बदलू शकतं, बंपर घेण्याआधी मोजा. चारही बोल्ट लावा, ८.८ ग्रेड किंवा कंपनी सांगेल ते. माउंटिंग प्लेट चेसिसला बांधलेली हवी, प्लॅस्टिक बंपरच्या आतल्या पातळ पट्टीला नाही. आणि पहिल्या पायरीला काढलेलं पुढच्या अॅक्सलचं वजन आता कामाला येतं, विंच आणि बंपर चढल्यावर ते मर्यादेच्या आत आहे ना बघा.

## ९. बसवल्यावर, ट्रिपला जायच्या आधी

नवा दोर कारखान्यातून सैल गुंडाळून येतो. तसाच वापरला तर पहिल्याच ताणाला वरचा थर खालच्यात घुसतो आणि दोर चिरडतो. म्हणून हलक्या चढावर गाडी उभी करा, दोर ५-१० वेढे सोडून पूर्ण बाहेर काढा, न्यूट्रलमध्ये गाडी विंचनंच ओढत दोर ताणून, वेढ्याला वेढा लावून गुंडाळा. ताण कमीत कमी २२५ किलोचा हवा. ब्रेकवर कुणीतरी बसलेलं असू द्या, हातमोजे घाला, आणि ताणलेल्या दोराच्या जवळ कुणालाही उभं राहू देऊ नका.

गुंडाळून झालं की ५ मीटर, १० मीटर, १५ मीटर, २० मीटर अशा ठिकाणी दोरावर रंगाच्या खुणा करा, आणि थरवार ओढीचा तक्ता छापून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. चिखलात उभं राहून झाडाकडे बघताना थेट ओढायचं की ब्लॉक लावायचा हे त्या दोन गोष्टींवरून लगेच ठरवता येतं.